हँडब्रेकच्या मागच्या पायांचा कोर्स

आदरणीय ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगाला आठ अंगं लागतात. तुमच्या भावाची सध्या चारच चालू आहेत आणि माझी आठही दुखताहेत, तेव्हा दोघांच्यातली बरी बरी निवडून तुम्हीच आठ भरून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? फोनवर तुम्ही 'आहे तसाच आहे' म्हणता, पण ज्या सुरात म्हणता त्यावरून तो आहे तसाही राहिलेला नसावा. तुम्ही पाठवलेली तेलाची बाटली पोचली. तुमच्या भावाच्या पायाला दिवसातून दोनदा चोळते आहे. पायाला गुण नाही, पण पाय चकचकीत झालाय. डॉक्टर म्हणाले, इतका निगुतीने ठेवलेला लुळा पाय त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. कारण फोनवर तुम्ही रडता, मग मी तुमची समजूत घालते, मग तुम्ही मला धीर धरायला सांगता आणि मूळ मुद्दा तसाच राहतो. पत्रात ती सोय नाही. एकदा रडून झालं की पुढचं वाचावंच लागतं.

मुद्दा असा. तुमच्या बंधुराजांना अर्धांगाचा झटका येऊन साडेचार महिने झाले. डॉक्टर म्हणतात, परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, पुढे येतं ते उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं, थोडं आणि कुरकुरत. चष्म्याच्या दुकानातली माझी रजा पुढच्या महिनाअखेरीला संपते. मालक भला माणूस आहे, पण त्यालाही काउंटरवर कुणीतरी उभं लागतं. म्हणजे पुढच्या महिन्याच्या शेवटी मी सकाळी नऊला बाहेर पडले की संध्याकाळी सातपर्यंत बंधुराज घरात एकटे. पलंगापासून बाथरूमपर्यंत अकरा पावलं आहेत. ती त्यांना एकट्याने चालता आली तर ते घरात राहतील. नाही आली तर दुखणाईतांच्या त्या निवासी केंद्रात. मी जाऊन पाहून आले. जागा स्वच्छ, माणसं चांगली. सोळा खाटा भिंतीला पाठ लावून ओळीने, दोन खाटांच्या मधे दार उघडण्यापुरतं अंतर. तुमच्या भावाने आयुष्यभर हेच शिकवलं, दोन गाड्यांच्या मधे गाडी मागे घेऊन अचूक कशी लावायची. आता त्यांनाच कुणीतरी तशी लावणार. अकरा पावलं, ताई. सगळं पत्र त्या अकरा पावलांचंच आहे, मधे मधे कुत्री आली तरी बिचकू नका.

वाचा पूर्ण गेलेली नाही हे तुम्हाला माहीत आहे. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटवर बसून जे शब्द दिवसातून हजार वेळा म्हटले तेवढे चार मागे राहिले: हळू, क्लच, आरसा आणि ब्रेक. माझं नाव गेलं, तुमचंही गेलं (मनाला लावून घेऊ नका, बत्तीस वर्षं जिने ताट वाढलं तिचं गेलं तिथे राखी पौर्णिमेला भेटणाऱ्यांचं काय), पण क्लच राहिला. पाणी हवं असेल तर 'क्लच'. बाथरूमला जायचं असेल तर 'ब्रेक'. मला वेळेत ऐकू आलं नाही तर पुन्हा 'ब्रेक', पण तो निराळ्या सुरात, आणि मग मी चादर बदलते.

हॉस्पिटलने व्यायामासाठी एक मुलगी पाठवली. गुणी, हुशार, हाताला हलकी. तिची चूक इतकीच की ती शिकवायला आली. ज्या माणसाची हयात पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून गेली, गाडी दुसऱ्याने चालवायची आणि थांबवायची मात्र आपण, अशा माणसाला ही पोरगी टाळ्या वाजवून म्हणते, "काका, उजवा पाय उचला पाहू. थोडासा. श्शाब्बास!" शाब्बास म्हटल्याबरोबर बंधुराजांनी डोळे मिटून घेतले. शाब्बास म्हणायचा हक्क त्या गाडीत एकाच सीटला होता. आठवड्यानंतर तिने मला जिन्यात गाठलं. म्हणाली, "काकू, पायात जीव आहे हो, पण काकांना चालायचंच नाहीये." एवढं बोलून माझ्याआधी तीच रडली. तेव्हापासून मी तिला घरचीच समजते.

आता कुत्रा. हँडब्रेक हे नाव त्याला बंधुराजांनीच दिलेलं, कारण रस्त्याच्या मधोमध बसला की त्याला पुढे नेणं इंजिनाच्याही ताकदीबाहेरचं होतं. आता दहा वर्षांचा आहे. बंधुराज पलंगाला लागल्यापासून त्याला कुणी फिरवलं नाही, तर त्याचे मागचे पाय थरथरू लागले, उठताना दोनदा बसू लागला. चौतीस किलो वजन. घरात उचलायला एक जण होताच, दुसरा परवडणार नव्हता, म्हणून मी मोबाइलवर कुत्र्यांचे व्यायाम शोधले. तेव्हा कळलं की जगात कुत्र्यांची तंदुरुस्ती नावाचं मोठं शास्त्र आहे, त्याचे कोर्स आहेत, पदविका आहेत आणि त्यात आपल्यापेक्षा पुष्कळ बऱ्या अवस्थेतले कुत्रे शिकताहेत. (एका व्हिडिओत एक कुत्रा तीन पायांवर उभा राहून चौथा वर धरत होता. माझ्याकडे बघत होता असंही वाटलं.)

पहिला व्यायाम फुगवलेल्या मोठ्या चेंडूचा. चेंडू घरात होता, त्या मुलीने बंधुराजांचा तोल सावरायला आणलेला. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे मी हँडब्रेकचे पुढचे पाय चेंडूवर ठेवले. चेंडू निघाला. चेंडूबरोबर हँडब्रेकचा पुढचा भाग निघाला, मागचा भाग विचार करत मागे राहिला. असा लांबत लांबत तो खोलीच्या त्या टोकाला गेला, कमोडच्या खुर्चीला आपटला आणि अपमान सहन न होऊन चेंडूला चावला. जो आवाज झाला त्याने खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. मी वळून पाहिलं तर बंधुराज हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, उरलेल्या अर्ध्याला बातमी पोचली नव्हती. पण तीन महिन्यांतलं पहिलं हसू होतं ते.

दुसऱ्या दिवशी काठ्या. जमिनीवर ओळीने काठ्या ठेवायच्या आणि कुत्र्याला त्यांवरून सावकाश न्यायचं, म्हणजे तो एकेक पाय उचलायला शिकतो. मी झाडूचा दांडा ठेवला, पडद्याची दांडी, एक छत्री आणि तुम्ही गेल्या खेपेला विसरून गेलात ती तुमची चालायची काठी. पट्टा धरला आणि हँडब्रेकला ओढत सुटले, कारण गॅसवर दूध होतं. पलंगावरून आवाज आला, "हळू!" मी लक्ष दिलं नाही. "हळू! आरसा! क्लच, क्लच, क्लच!" ताई, हा आवाज मी ओळखते. लग्नानंतर एकदाच मी त्यांच्याकडून गाडी शिकायला बसले होते, तेव्हाचा तो आवाज. (कोपऱ्यावरची टपालपेटी अजून वाकडी आहे.) मी म्हटलं, "एवढं कळतंय तर या आणि दाखवा!" रागात बोलले, लुळ्या माणसाला असं कुणी बोलतं का, असं मनात येऊन जीभ चावेपर्यंत ते उठले होते. डाव्या हाताने कपाट धरून, उजवा पाय पोत्यासारखा ओढत ते काठ्यांपाशी आले. माझ्या हातातून पट्टा हिसकावला, म्हणजे तसा प्रयत्न केला, आणि कुत्र्याकडे रागाने बघत त्यांनी तो पाय झाडूच्या दांड्यावरून पलीकडे टाकला.

खिडकीत चिमणी येऊन बसली की आपण हातातलं काम तसंच धरून ठेवतो ना, तशी मी उभी होते. दूध उतू गेलं, जाऊ दिलं. दुसरी दांडीही त्यांनी ओलांडली. तिसऱ्या वेळेला अंगठा छत्रीच्या बटणावर पडला, छत्री फाडकन उघडली आणि हँडब्रेक दहा वर्षांत पहिल्यांदा धावला. बंधुराज मात्र पडले नाहीत. छत्रीकडे बघत म्हणाले, "ब्रेक." या वेळचा ब्रेक कुठला होता ते तुम्हाला सांगायला नको. पण उभ्याने सांगितला.

मी धावत त्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्या दिवशी आली, तिने त्याच काठ्या तशाच मांडल्या आणि म्हणाली, "चला काका." काका खाली बसले ते बसलेच. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. या माणसाला शिकायचं नाहीये, शिकवायचंय. चुकणारा समोर दिसला की त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, मग तो पाय लुळा का असेना. तेव्हापासून रोज सकाळी मी हँडब्रेकला मुद्दाम चुकीचं नेते आणि बंधुराज संतापून उठतात आणि दाखवतात. चार पावलं, मग पाच, मग सात. (गेल्या महिनाभरात घरात जितका संवाद झालाय तितका आधीच्या दहा वर्षांत नव्हता. सगळा क्लचबद्दल, पण आहे.)

इथे माझं चुकलं. सातावर गाडी अडली, पाय वर उचलेना, म्हणून मी हुशारी केली आणि काठ्यांच्या खाली पुस्तकं लावली. काठ्या उंच झाल्या तर पाय उंच उचलतील, असा हिशेब. बंधुराज येण्याआधी हँडब्रेकने उडी मारली, मागचा पाय मुरगळला आणि तो तिथेच बसला. तीन दिवस उठला नाही. जनावरांचे डॉक्टर इंजेक्शन देऊन मला म्हणाले, "बाई, म्हाताऱ्या कुत्र्याला सर्कशीत घालायचंय का?" त्याचं काही नाही. पण त्या तीन दिवसांत बंधुराजही उठले नाहीत. शिकणाराच नाही तर शिकवणार कुणाला? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चौथ्या दिवशी सातावरून परत चारावर. मला कळलं की या घरात आता सहा पाय एकमेकांना बांधलेले आहेत आणि ते कसे चालवायचे यातलं मला ओ की ठो कळत नाही. तेव्हा कोर्स करायचं ठरवलं.

पहिला कोर्स मोबाइलवरचा. फोन केला तर एक अतिशय उत्साही गृहस्थ.

"मॅडम, कुत्रे किती आहेत?"

"एक."

"वाढवायचा विचार?"

"नाही. नवरा आहे."

"अरे वा, त्यांनाही जॉइन करा ना! जोडप्याला सवलत आहे."

परीक्षेचं विचारलं तर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, आजवर एकही विद्यार्थी नापास झालेला नाही. मी विचारलं, आणि कुत्रा? त्यावर सर्टिफिकेटला चौकट लाकडी हवी की सोनेरी, असा प्रश्न आला. मी फोन ठेवला.

दुसरा कोर्स टायरच्या दुकानामागच्या शेडमध्ये, एका पैलवानाचा. बनियनच्या छातीवर दंड फुगवलेल्या कुत्र्याचं चित्र, दोन्ही बाजूंना त्याचे स्वतःचे तसेच दंड. हँडब्रेकचा फोटो बघून म्हणाला, "ताई, हा कुत्रा आहे की सोफा?" पण काम मनापासून करतो. कुत्र्यांना वजनाची जाकिटं घालतो, उतारावर पळवतो. एक तपकिरी कुत्री ट्रेडमिलवर पळत होती, जीभ बाहेर, डोळे समोरच्या पत्र्यावर. मी विचारलं, केव्हापासून पळतेय? म्हणाला, अर्धा तास. थांबेल कधी? म्हणाला, ती थांबत नाही, मी बटण बंद करतो. ताई, मी तिच्याकडे बघत राहिले आणि ती पत्र्याकडे बघत राहिली. तिथून निघाले ती घरी येईपर्यंत मला आपल्याच पायांखाली पट्टा सरकतोय असं वाटत होतं.

तिसरा कोर्स परगावी, तीन तासांच्या अंतरावर. जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एक डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या आणि अधू कुत्र्यांना पुन्हा उभं करायला शिकवतात. राहून करायचा. आपला कुत्रा आणायचा नाही, त्या म्हणतात, रोजच्या माणसाला आपल्या घरच्याची चाल दिसत नाही. प्रवेशासाठी चाचणी होती. (त्या दिवशी ती व्यायामाची मुलगी आपल्या सुटीत बंधुराजांपाशी बसली. रात्री थांबू शकत नाही, हे तिने आधीच सांगितलंय.) आम्ही अकरा जण. बाईंनी आम्हाला भिंतीशी उभं केलं, हात पाठीमागे बांधायला लावले आणि रबरी चटईवर एक काळा म्हातारा कुत्रा आणून बसवला. म्हणाल्या, हा आता उठेल. तुम्ही फक्त बघायचं.

कुत्र्याने पुढचे पाय टेकले. मागचं धूड वर उचललं, घसरलं. पुन्हा उचललं. पुन्हा घसरलं. माझ्या शेजारची बाई "अगं बाई" म्हणत पुढे झाली. मग एक मिशीवाले. मग एकामागून एक. चार मिनिटं लागली कुत्र्याला, तोवर नऊ जण पुढे झाले होते. उरलो आम्ही दोघं, मी आणि एक गृहस्थ, ज्यांचं लक्ष फोनमध्ये होतं असं नंतर कळलं. बाईंनी नऊ जणांना परत पाठवलं. म्हणाल्या, "तुम्ही सगळी फार चांगली माणसं आहात. तुमच्या घरचे कुत्रे कधीच उठणार नाहीत." आणि मला म्हणाल्या, "तुमच्याकडे धीर आहे."

मी हो म्हटलं. तुम्हाला खोटं सांगत नाही, ताई, धीर वगैरे काही नव्हता. त्या कुत्र्याने उठावं असं मला वाटतच नव्हतं. पडलाय तर पडू दे, असं वाटत होतं. जगात एक तरी जण असा पडू दे, ज्याला उचलायचं काम माझं नाही. या गुणावर मला प्रवेश मिळाला.

तर असा तिसरा कोर्स निवडला आहे. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार आणि ज्यांना अजून धड गुडघे आहेत त्यांना ते जपून वापरायला सांगावं.

तुमच्या भावाची बायको

ता. क. कोर्स पुढच्या महिन्याच्या तीन तारखेपासून आठ दिवस आहे. तेवढे आठ दिवस तुम्ही इथे येऊन राहावं. काम एकच. रोज सकाळी चार काठ्या जमिनीवर ठेवायच्या (पुस्तकं लावायची नाहीत) आणि हँडब्रेकला त्यांवरून चुकीचं न्यायचं. घाईने न्या, वाकडं न्या, मधेच थांबून माझ्याबद्दल बोला, कसंही न्या. चुका करण्यात तुम्हाला फार कष्ट पडू नयेत असा माझा अंदाज आहे. भाऊ ओरडेल. ओरडला की म्हणायचं, "मग तूच दाखव." आणि मग हात पाठीमागे बांधून उभं राहायचं.

ता. क. २ गेल्या खेपेला तुम्ही तीन दिवस राहिलात आणि तिन्ही दिवस त्यांना स्वतःच्या हाताने भरवलंत. प्रेमानेच भरवलंत, मला माहीत आहे. त्याआधी ते डाव्या हाताने चमचा धरू लागले होते. तुम्ही गेल्यावर चमचा परत धरायला सतरा दिवस लागले. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, आज सांगते आहे, कारण तेव्हा मला तुमची गरज नव्हती. या वेळी सांडू द्या. सगळं सांडू द्या. पुसायला मी आल्यावर आहेच.

ता. क. ३ कोर्स पाच दिवसांचा आहे. वर आठ लिहिलं ते खोडून पाच करणार होते, पण पत्र पुन्हा उतरवायचं त्राण नाही आणि तीन दिवस सोडायची इच्छाही नाही. दवाखान्यासमोर एक खोली भाड्याने मिळते. तिला खिडकी एकच आहे आणि ती बंद होते. तिथे मी झोपणार आहे. भाऊ विचारणार नाही, विचारायला त्याच्याकडे शब्द नाही. तरी दाराकडे बघत बसला तर सांगा, ती कुत्र्यांकडे आहे. आणि तुमच्या मनात येईल की ही बाई परत येते की नाही. माझ्याही मनात आलं होतं. म्हणून मी परतीचं तिकीट आधी काढून ठेवलंय. जायचं अजून काढलेलं नाही. ते तुमचं उत्तर आल्यावर काढेन.